बरोक कलेची वैशिष्ट्ये आणि तिचा उगम

बरोक कला, म्हणजे मुख्यतः सतराव्या शतकातील युरोपची कलाशैली, ही केवळ भरगच्च सजावट का, आणि ती कशातून जन्मली, असे तुम्ही विचारले आहे. सजावट तिच्यात आहेच, परंतु पाहणाऱ्याला प्रसंगात ओढून घेणे हा तिचा खरा स्वभाव आहे, असे मी मानतो.

बायबलमधील डेव्हिड हा तरुण गोफणीने गोलायथ या महाकाय योद्ध्याला मारतो. बरोकच्या आधीच्या मायकेलअँजेलोच्या शिल्पातील डेव्हिड (१५०१–०४) लढाईपूर्वी स्तब्ध उभा आहे. बरोक शिल्पकार बेर्निनीचा डेव्हिड (१६२३–२४) मात्र ओठ आवळून, कंबरेतून पिळून गोफण फिरवतो आहे. गोलायथ त्या शिल्पात नाहीच. तो आपल्याच पाठीमागे उभा असावा असे वाटते आणि दालनाची सारी जागा शिल्पाचा भाग होऊन जाते. प्रकाशाचेही तसेच. चित्रकार काराव्हाज्योच्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’ या चित्रात (१५९९–१६००) काळोख्या खोलीत पैसे मोजणाऱ्या साध्या माणसांवर उजवीकडून तिरपा उजेड पडतो आणि ख्रिस्ताचा हात त्याच दिशेने पुढे येतो. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत तेरेसाच्या शिल्पासाठी (१६४७–५२) तर बेर्निनीने वर एक खिडकी लपवली, त्यामुळे खरा सूर्यप्रकाश सोनेरी किरणांवरून उतरतो.

या साऱ्याचे मूळ रोममध्ये, सोळाव्या शतकाच्या अखेरीस आहे. प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधील प्रतिमांवर टीका केली, अनेक ठिकाणी त्या फोडल्याही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रतिमांचे समर्थन केले, पण प्रतिमांनी भाविकांना शिकवावे आणि त्यांची भक्ती जागवावी, अशी अपेक्षाही ठेवली. त्या काळच्या चित्रांतील कृत्रिम, लांबट देहांना हे पेलणारे नव्हते. काराव्हाज्यो आणि आनिबाले काराच्ची या चित्रकारांनी पुन्हा जिवंत माणसांकडे पाहिले आणि पोप व कार्डिनलांच्या आश्रयामुळे ही शैली फोफावली. तिला केवळ कॅथलिक प्रचार म्हणणे मला पटत नाही, कारण प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये चित्रकार रेम्ब्राँनेही छायाप्रकाशाचे हेच सामर्थ्य वापरले.

‘बरोक’ हे नाव बहुधा वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आले आणि अठराव्या शतकात ते हिणवण्यासाठी वापरले गेले.

ही कला जवळून पाहायची असेल, तर जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेत जावे. तेथील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जीनी या शिल्पकाराचा असून तो १६९८ मध्ये उभारला गेला. त्यावरची चांदीची पेटी मात्र त्याआधीच गोव्याच्या कारागिरांनी घडवली होती.