रशियात वैद्यकीय शिक्षण : स्वेटरच्या आधी भाषा

प्रश्न : माझी मुलगी नीट पात्र झाली आहे, परंतु सरकारी महाविद्यालयात जागा मिळण्याइतके गुण नाहीत. रशियातील कझान येथे प्रवेश मिळवून देतो, शिक्षण इंग्रजीतून आहे, भाषा तिथे गेल्यावर आपोआप येते, असे एजंट सांगतो. कपडे, खाणे, कागदपत्रे यांची तयारी कशी करावी? – एक पालक, लातूर

उत्तर : आपण विचारलेल्या गोष्टींची सोय होते. जी गोष्ट ‘आपोआप येते’ म्हणून एजंटाने बाजूला सारली आहे, तिच्यावरच पुढची सहा वर्षे अवलंबून आहेत.

व्याख्याने इंग्रजीतून होतील, पण रुग्ण रशियनच बोलणार, आणि कझान ही रशियातील तातारस्तान या प्रांताची राजधानी असल्यामुळे एखादे वयस्कर माणूस तातार ही तिथली भाषाही बोलेल. साधारण तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात जावे लागते. ‘ग्द्ये बलीत?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’ एवढे विचारता येते, परंतु समोरच्या आजींनी एका दमात सांगितलेली दुखण्याची हकिगत कळत नाही, अशी विद्यार्थिनी खाटेपाशी नुसती उभी राहते. क्लिनिकल शिक्षण असे कच्चे राहिले, तर भारतात परतल्यावर परवाना परीक्षेत त्याचा फटका बसतो.

म्हणून निघण्यापूर्वीचे महिने भाषेला द्यावेत. तेहतीस अक्षरांची लिपी पंधरवड्यात वाचता येऊ लागते. त्यानंतर मात्र मुलीने इंग्रजीचा आधार सोडून मराठी व्याकरणाचा आधार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तीन लिंगे, विभक्तीप्रमाणे बदलणारी नामे, तू आणि तुम्ही हा भेद, इतकेच काय पण नावात वडिलांचे नाव मधे घालण्याची पद्धत, हे सारे रशियनमध्ये आहे आणि आपल्याला जन्मापासून सवयीचे आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबईत पेडर रोडवरील रशियन हाउसमध्ये रशियन शिकवतात. लातूरहून ते शक्य नसेल, तर एखाद्या शिक्षकाची ऑनलाइन शिकवणी लावावी. केवळ मोबाइल ॲपवर भागवू नये.

कागदपत्रांत पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंग दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांशी जुळते का, हे आजच पाहावे, कारण रशियन भाषांतरात तीच तफावत पुढे जाते. अपोस्टिल (कागदपत्रे परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणून होणारे सरकारी प्रमाणीकरण) आणि एचआयव्ही तपासणीचा अहवाल यांना वेळ लागतो, हे लक्षात घ्यावे. तिथे पोहोचल्यावर निवासाची नोंदणी सात कामकाजी दिवसांत आणि वैद्यकीय तपासणी व बोटांचे ठसे ठरवून दिलेल्या मुदतीत होणे आवश्यक असते. ही जबाबदारी मुलीला स्वतःला ठाऊक असावी. भारतीय बँकांची व्हिसा व मास्टरकार्ड कार्डे मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत, तेव्हा पैसे कोणत्या मार्गाने पाठवायचे हे आधी ठरवावे.

कपड्यांचे म्हणाल, तर थर्मल इथून न्यावेत, जाड कोट आणि बूट तिथेच घ्यावेत. इमारती आतून चांगल्या उबदार असतात. कुकर आणि मसाले जरूर द्यावेत.

एक गोष्ट मुलीला आणि तिच्यासोबत जाणाऱ्या मुलांना स्पष्ट शब्दांत बजावावी. जादा पगाराच्या आमिषाने किंवा न समजणाऱ्या रशियन करारावर सही करून काही भारतीय तरुण तिथल्या सैन्यात अडकले, आणि अशा प्रस्तावांपासून दूर राहण्याचा इशारा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार दिला आहे. जो कागद वाचता येत नाही, त्यावर सही करायची नाही.

पैसे भरण्यापूर्वी एजंटाकडून नव्हे, तर विद्यापीठाकडून लेखी उत्तर मागवावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम आणि त्या देशात व्यवसायाची पात्रता देणारी पदवी, या चारही अटी हा अभ्यासक्रम पूर्ण करतो का? रशियात व्यवसायासाठी अक्रेडिटेशनची परीक्षा रशियनमधून द्यावी लागते, त्यासाठी विद्यापीठ काय तयारी करून घेते, हेही विचारावे. उत्तर मोघम आले, तर आगाऊ रक्कम भरू नये.