देणगीचं बटण एकदा दाबून बघा

पत्र : माझी मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमाची वेबसाइट एक रुपयाही न घेता करून दिली. कौतुक खूप झालं, पण सहा महिन्यांत वेबसाइटवरून एकही देणगी आली नाही. तरी ती म्हणते, संस्थांसाठी हेच काम करणार. यात पोट भरेल का? – एक आई, कराड

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली वेबसाइट मी मुद्दाम मोबाइलवर उघडली, देणगीदारही बहुधा तिथंच उघडतात. दिसायला देखणी आहे. मग ५०१ रुपये द्यायला गेले आणि अडकले. क्यूआर कोड माझ्याच फोनच्या पडद्यावर, तो स्कॅन कशानं करू? खाते क्रमांक चित्रात, म्हणून कॉपी होईना. संस्थेचा नोंदणी क्रमांक नाही, देणगीदाराला आयकरात सवलत देणाऱ्या ८०जी कलमाचा उल्लेख नाही, ताळेबंद नाही. मान्यवरांच्या भेटीचे फोटो मात्र भरपूर. (यात मुलीचा दोष कमी. विश्वस्तांनी हातात दिलं ते तिनं लावलं.) अहवालाचं पान तर वाचताच येत नाही. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये न बदलता चिकटवला, की अक्षरांची अशी खिचडी होते.

कोड तिला येतो. पैसे देण्याआधी माणसाच्या मनात काय काय शंका येतात, हे तिनं अजून पाहिलेलं नाही. या कामाचा मोबदला मिळतो तो त्या शंका ओळखण्याचा.

थोडा कायदाही लागेल. ८०जीची सवलत रोखीत २,००० रुपयांपर्यंतच मिळते आणि देणगीदाराचं प्रमाणपत्र काढायला संस्थेला त्याचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक लागतो, म्हणजे फॉर्ममध्ये तो रकाना हवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला भाचा डॉलर पाठवतो म्हणाला, तरी विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. नोंदणी असली, तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. उद्या बालगृहाचं काम आलं, तर मुलांचे चेहरे आणि नावं टाकायची नाहीत. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ त्यासाठीच आहे. हे माहीत असलेला डिझायनर विश्वस्तांना सल्ला देऊ शकतो, आणि मग त्याला कोणी 'तो वेबसाइटवाला पोरगा' म्हणत नाही.

आता पोटाचं. नुसत्या लहान संस्थांवर घर चालणं कठीण, हे तिला स्पष्ट सांगा. पहिली दोन-तीन वर्षं एखाद्या वेब कंपनीत, मोठ्या संस्थेच्या निधी-संकलन विभागात किंवा गिव्ह, मिलाप, केट्टो अशा देणगी-मंचांवर नोकरी शोधावी. जोडीला एखाद-दुसरी संस्था घ्यावी, पण फुकट नाही! सवलत द्यावी, तीही बिलावर लिहून. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, संस्थेच्या नावावर घ्यावं आणि वार्षिक देखभालीचा दर वेगळा ठरवावा. फुकटच्या वेबसाइटकडे पुढं कोणी ढुंकून बघत नाही, करणाराही नाही.

या सुट्टीत तिला नवा कोर्स लावू नका. आठवडाभर त्याच वृद्धाश्रमात पावत्या फाडणाऱ्या कारकुनाशेजारी बसू द्या. लोक फोनवर काय विचारतात, ते वहीत लिहून घेऊ दे आणि तीच वेबसाइट दुरुस्त करू दे.

झाली की लिंक परत पाठवा. माझे ५०१ रुपये द्यायचे राहिलेत.