शिमग्याचा व्हिडिओ, गुलाल आणि सिनेमाची चाल

प्रश्न : ताई, आमच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवतानाचा व्हिडिओ मी फोर-केमध्ये काढला. फोनवर लख्ख दिसतो. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तिथून घेऊन मंडळाच्या सचिवांनी तो यूट्यूबवर चढवला. आता मुंबईकर भाऊबंद म्हणतात, चेहरे ओळखू येत नाहीत आणि गुलाल उधळला की नुसता लाल चिखल दिसतो. नवा फोन घेऊ का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : नवा फोन अजिबात घेऊ नका. बिघाड वाटेत झालाय. तुमचा व्हिडिओ आधी व्हॉट्सॲपने दाबून लहान केला, सचिवांनी तोच यूट्यूबला दिला आणि यूट्यूबने तो पुन्हा दाबला. लोणी काढलेलं ताक कितीही घुसळलं तरी त्यातून परत लोणी येत नाही. सचिवांना मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवरूनच पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. २ जीबीपर्यंतची फाइल आहे तशी पोचते. नुसतं ‘एचडी’ निवडलंत तर फोर-के जात नाही, त्याहून बराच कमी बारकाईचा ७२० जातो. फोर-केला मिनिटामागे साडेतीनशे एमबी लागतात असं धरलं, तर सहा मिनिटांच्या आत ती मर्यादा भरते. लांब चित्रण असेल तर मुंबईला निघालेल्या माणसाच्या हाती पेनड्राइव्ह द्यावा. रत्नागिरीत लग्नाची आणि उत्सवाची चित्रणं करताना मी आजही तेच करते.

गुलालाची गोष्ट वेगळी. व्हिडिओ लहान करताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं जात नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः साठवतात. देवळाची कौलं जागची हलत नाहीत, त्यांना जागा कमी लागते. उधळलेल्या गुलालाचा मात्र कण न् कण हलतो. हर्णैच्या लाटा, आषाढातला पाऊस, वाऱ्यावरच्या माडाच्या झावळ्या, सगळ्यांचं तेच. म्हणजे आपल्या कोकणात जे जे टिपावंसं वाटतं, नेमकं तेच दाबायला सर्वांत कठीण! त्यात तुम्ही पालखीमागे फोन घेऊन पळालात तर कौलंही हलू लागतात आणि गुलालाच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून खांबाला पाठ टेकून उभे राहा आणि पालखीला चौकटीत येऊ द्या. रात्री हॅलोजनच्या बाजूला थांबा, कारण अंधारात फोन जे बारीक दाणे उमटवतो तेही सतत हलत असतात.

यूट्यूबला फोर-केच द्या, बघणारे त्याहून कमी दर्जाच्या १०८०वर बघणार असले तरीही. सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे ३० चित्रांच्या, १०८० व्हिडिओसाठी यूट्यूब ८ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट माहिती) सुचवतं, फोर-केसाठी ३५ ते ४५. व्हिडिओ कापायच्या ॲपमधून बाहेर काढताना हा आकडा तपासा. आणि चढवल्या चढवल्या लिंक वाटू नका. आधी हलकी प्रत तयार होते, चांगली मागाहून येते. घाई केलीत तर सगळा गाव हलकीच प्रत बघतो.

प्रश्न : आमच्या जाखडी नाचाच्या व्हिडिओवर यूट्यूबने कॉपीराइटचा दावा दाखवलाय. शब्द आमच्या शाहिरांचे, गाणारी आमची पोरं, फक्त चाल एका सिनेमाच्या गाण्याची. चॅनेल बंद पडेल का? लग्नाच्या वरातीत तर हीच गाणी सर्रास वाजतात!
— नाचमंडळाचा कार्यकर्ता, संगमेश्वर तालुका

उत्तर : दाव्याने चॅनेल बंद पडत नाही. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. कधी आवाज बंद होतो, कधी काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला दिलेला इशारा, ही निराळी बाब. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल जाऊ शकतं.

गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन निरनिराळे हक्क असतात. शब्द तुमचे, मुद्रण तुमचं, पण चाल तुमची नाही, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा नुसती चालही ओळखू शकते. आपल्या १९५७च्या कायद्यात कवी-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. वरातीचं म्हणाल, तर कलम ५२मध्ये धार्मिक आणि लग्नसमारंभातल्या सादरीकरणाला सूट आहे. त्याचा व्हिडिओ जगाला दाखवायला त्या सुटीचा आधार धरू नका. हक्क खरोखर तुमचा असेल तरच दाव्याला हरकत घ्या. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आणि चुकीची हरकत स्ट्राइकपर्यंत जाऊ शकते. नाहीतर यूट्यूब स्टुडिओत तेवढा भाग कापता येतो किंवा त्याचा आवाज काढता येतो.

माझं मनापासूनचं सांगणं वेगळं आहे. तुमच्या शाहिरांकडे गण-गवळणीच्या जुन्या चाली आहेत. सिनेमाची चाल कुणालाही कुठेही ऐकता येते, या मात्र तुमच्या वाडीबाहेर कुणाला ऐकायलाच मिळत नाहीत. यूट्यूबवर त्याच चढवा. चित्रण करताना कर्ण्यासमोर उभे राहू नका, मृदंग फाटका ऐकू येतो. दुसरा फोन शाहिरांजवळ फक्त आवाजासाठी ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात.

प्रश्न : ३० सेकंदांपर्यंत गाणं वापरलं आणि गायकाचं नाव लिहिलं तर चालतं ना?
— एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. सेकंदांची अशी कुठलीही सवलत नाही आणि नाव लिहिल्याने परवानगी मिळत नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या; त्यातल्या काही तुकड्यांना श्रेय देणं बंधनकारक असतं, ते वाचून घ्या.

प्रश्न : सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर घेतल्यात. मागे जात्याची घरघर आहे, मधेच कोंबडा आरवतो. ते आवाज काढून खाली बासरी घालावी का?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : कृपा करून घालू नका. जात्याच्या घरघरीवरच ओवीचा ताल चालतो, ती काढलीत तर सासूबाई कशावर गातायत तेच कळणार नाही. कोंबडाही राहू द्या. पुढच्या वेळी पंखा बंद करा आणि फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, जात्याच्या बाजूला नव्हे तर तोंडाच्या बाजूला ठेवा. आवाज स्वच्छ करणारं फोनमधलं बटण बंद असू द्या. ते घरघर कमी करताना म्हाताऱ्या आवाजाचा कंपही खातं. चढवण्यापूर्वी त्यांना ऐकवा आणि विचारा. घरातल्या दुःखाच्या काही ओव्या त्यांना चारचौघांत नको असतील. परवानगी मिळाली की माहितीच्या रकान्यात त्यांचं माहेर आणि ओव्या कुणाकडून शिकल्या ते लिहा, आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.