रजिस्टरातले धोके आणि वॉर्डातले धोके

चि. … हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं तुमच्या हॉस्पिटलचं रिस्क रजिस्टर, म्हणजे संभाव्य धोक्यांची यादी, वाचलं. लाल-पिवळे-हिरवे रकाने नीटनेटके आहेत, एनएबीएचचे, म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाचे, असेसर खूश होतील. पण ते केबिनमध्ये बसून भरलंय, हे पानापानावर कळतं.

उदाहरणार्थ, ‘वीज जाणे : जनरेटर उपलब्ध, धोका कमी.’ हे मेंटेनन्सवाल्यांनी सांगितलं असणार. त्यांना विचार, दर शनिवारी जनरेटर लोडवर, म्हणजे खरी यंत्रं जोडून, चालवतात की नुसताच? बऱ्याच ठिकाणी तो दहा मिनिटं घरघरतो आणि वहीत सही होते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली, तेही ऐन कोविडच्या काळात. अशा वेळी डिझेल किती तास पुरेल आणि भार आल्यावर जनरेटर टिकेल का, हे माहीत असावं लागतं. वीज गेल्यापासून जनरेटर भार उचलेपर्यंत जे काही सेकंद जातात, तेवढ्यात आयसीयूतलं कोणतं यंत्र कोणत्या सॉकेटवर आहे, हेही. यूपीएसच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर आणि व्हेंटिलेटर शेजारच्या साध्या सॉकेटवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते म्हणशील. ती शेवटची कधी तपासली?

मुंबईत जागेची मारामार, म्हणून विजेचे पॅनल, औषधांचं स्टोअर, जुने केसपेपर असं सगळं बेसमेंटमध्ये ढकललेलं असतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पडायची गरजच नाही, मोठी भरती आणि जोराची सर एका वेळी आली तरी सखल भागात पाणी तुंबतं. तुम्ही ‘पंप आहे’ असं लिहिलंय. तो बेसमेंटमधल्याच पॅनलवर चालत असेल, तर पंप नाही असंच धर.

आता ऑक्सिजन. एका नर्सिंग होममध्ये ऑक्सिजनचा दाब पडला की वाजणाऱ्या अलार्म पॅनलच्या भोंग्यावर मायक्रोपोरची चिकटपट्टी मारलेली दिसली. सिस्टरला विचारलं. ‘मॅडम, सिलिंडर बदलताना रोज बोंबलतो. पेशंट घाबरतात, नातेवाईक धावत येतात.’ तिला मेमो देऊन प्रकरण मिटवता आलं असतं. पण खाली मॅनिफोल्डजवळ, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगा पाइपला जोडलेल्या असतात तिथे, गेल्यावर कळलं, की एका बाजूचे सिलिंडर संपले की दुसऱ्या बाजूवर नेणारा व्हॉल्व्ह अडकत होता आणि दर वेळी दाब खरोखरच पडत होता. म्हणजे भोंगा खरं बोलत होता. सिस्टरने तक्रारवहीत लिहून ठेवलं होतं, पण कुणी फिरकलं नव्हतं. तुझ्या रजिस्टरात अशा जागेवर ‘अलार्म बसवला आहे’ एवढंच येतं. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून दाब कोसळला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. म्हणून वॉर्डात उभं राहून विचार : आत्ता पाइपचा ऑक्सिजन बंद पडला, तर पहिला सिलिंडर कुठून येईल, कोण आणेल, आणि तो उघडायची चावी कुठे टांगलेली आहे? मावशी, वॉर्डबॉय, सिस्टर तिघांची उत्तरं वेगळी आली, तर तो रकाना लाल कर.

फायरचं बी प्रमाणपत्र, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैला वेळेवर जातंय, उत्तम. जिन्यात रचलेल्या मोडक्या खाटा त्यात दिसत नाहीत, एवढं लक्षात ठेव.

तुझ्या यादीत नातेवाईक कुठेच नाहीत, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. आपल्याकडे स्ट्रेचर ढकलायला, रिपोर्ट आणायला, सलाइनची बाटली धरायला नातेवाईकच असतो. जानेवारी 2018 मध्ये नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला, चुंबकाने सिलिंडरसकट ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. लोखंड आत न्यायचं नाही, हे त्या खात्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. नातेवाइकाला कुठून असणार? दारावर कोण उभं असतं, रात्री दोनला कोण असतं, हे लिहून काढ.

आणि घटना-अहवालाच्या, म्हणजे झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या चुकांच्या, तक्त्यात सलग शून्य दाखवून मॅनेजमेंटची शाबासकी घेऊ नकोस. शंभर खाटांच्या हॉस्पिटलात महिन्याभरात एकही इंजेक्शन चुकता चुकता राहिलं नाही? लोक लिहीत नाहीयेत. पहिला अहवाल येईल तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर आभार मान, आणि आठवड्याभरात काहीतरी दुरुस्त झालेलं त्याला दिसू दे. नाहीतर दुसरा यायचा नाही.

रजिस्टर पुन्हा लिहायची घाई नको. मंगळवारी रात्रपाळीला मी येते. पाळी बदलतानाचा हँडओव्हर सुरू व्हायच्या आधी पोचेन, गेटवर सांगून ठेव. टॉर्च आण, बेसमेंटपासून सुरुवात करू.

तुझी,
मॅडम