आजी ऐन तारुण्यात विधवा झाली, घरात कोणी काही बोलत नाही. तिचा आणि मुलांचा इतिहास कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की आजीला तीन लेकरं होती, आजोबा लवकर गेले, आणि घरात विषय काढला की सगळे उठून कामाला लागतात. आमच्याकडे अगदी हेच होतं. आमचं गाव माण तालुक्यातलं, जिल्हा सातारा, म्हणजे पाण्याच्या नावानं ठणठणाट. आजोबा १९६८ साली गेले तेव्हा आजीला स्वतःचं वय सांगता येत नव्हतं, असेल बावीस-तेवीस. पदरात तीन पोरं, थोरली आत्या, मग माझे वडील आणि अंगावर पिणारा काका.

मी सुरुवात चुकीच्या ठिकाणी केली ते आधी सांगतो. आमच्या भागात हेळवी येतात, बैल घेऊन, घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात आणि धान्य घेऊन जातात. म्हटलं यांच्या वहीत सापडेल. त्यानं खापरपणजोबांपासून धडाधड नावं वाचली, आजोबा आले, वडील आले, काका आला, आजी नाहीच. चालू सातबारा काढला तर तिथंही आधी थोरल्या चुलत आजोबांचं नाव, पुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मला वाटलं संपलं, बाईमाणसाचा कागद नसतोच.

पण सातबाऱ्यावर नावांजवळ गोलात किंवा कंसात आकडे असतात ना, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीवरचं नाव कधी आणि कशानं बदललं त्या नोंदीचे. खरा इतिहास तिथं आहे. एकेक नंबर धरून मागं मागं जायचं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आता ऑनलाइन मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज करायचा आणि चार चकरांची तयारी ठेवायची. गाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर आणि फेरफार नंबर लिहून न्या, नुसतं 'आजीची माहिती पाहिजे' म्हणालात तर तिथला माणूस वर पण बघणार नाही. फार जुनं असेल तर मोडीत असतं, त्याला मोडीवाचक गाठावा लागतो. आमचं बाळबोधच होतं, म्हणजे साधं देवनागरी, फक्त अक्षर असं की मुंगी शाईत बुडवून सोडल्यासारखं.

१९६८ च्या वारस नोंदीत दोन पोरांची नावं, मग आत्याचं, प्रत्येकापुढं वय आणि शेवटी 'अ.पा.क.'. मला आधी वाटलं कुणाचं आडनाव आहे. तलाठ्यानं सांगितलं, अज्ञान पालनकर्ता. अज्ञान म्हणजे अठराच्या आतलं मूल, आणि पुढं नाव थोरल्या चुलत आजोबांचं. आजीचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात, पोटगीपुरतं. आता गंमत बघा, १९५६ चा हिंदू वारसा कायदा येऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यात विधवेला मुलांइतकाच वाटा आहे. पण गावातल्या चावडीत तो कायदा कोण सांगणार, आणि तिनं कुणाला विचारायचं?

त्या नोंदीतली वयं मात्र सोन्यासारखी निघाली. आत्या ७, वडील ४, काका १. आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९६२! १९६८ ला चार वर्षांचा पोरगा १९६२ चा कसा असेल? (१ जून बघून तर हसूच नका, आपल्याकडं निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, सगळी गुरुजींची कृपा.) हा घोळ आत्यानं सोडवला. तेव्हा वय बघायला पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे, पुरला तर शाळेत. वडिलांचा पुरेना, तर आजी म्हणाली गुरुजी मान जरा वाकडी करा, पुरतोय. तिला कामाला जायचं होतं, तान्हा आत्याकडं आणि हा शाळेत, एवढाच हिशोब. त्या वाकड्या मानेपायी वडील एसटीतून दोन वर्षं आधी रिटायर झाले आणि त्यांना ते माझ्याकडून कळलं. दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले बरं झालं, नाहीतर म्हशीमागंच राहिलो असतो. आत्या मात्र शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये कुठंच नाही. पोर सांभाळणाऱ्या पोरीची नोंद कोण करतंय.

तुम्ही म्हणाल आजीनं दुसरं लग्न का केलं नाही. हे घरात विचारा, पण जरा जपून. आमच्यात पाट लावायची पद्धत होती, बंदी वगैरे काही नव्हती. पण पाट लावला की पोरं बापाच्या घरी ठेवून जायची, हा नियम. माहेरचे दोनदा न्यायला आले आणि दोनदा रिकामे गेले.

मग १९७२ चा दुष्काळ. आजी आणि अकरा वर्षांची आत्या पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडायला. हजेरीपटावर आजीचं नाव, आत्याचं नाही, काम दोघींचं. सुकडी मिळायची ती पदरात बांधून घरी आणायची आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची, आत्या अजून तो रंग आठवून तोंड वाकडं करते. खडी फोडताना कपची उडून आजीच्या डाव्या अंगठ्याला लागली, नख परत नीट आलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कारण १९७४ चा एक फेरफार निघाला. पालनकर्ता म्हणून दिराचं नाव कमी करून 'आई' लावावं, असा अर्ज. अर्जदार, आजी! जी बाई आम्हाला जन्मभर सांगत होती की 'मला काय कळतंय कागदातलं, अंगठा लाव म्हणलं का लावायचा', तिनं दिराविरुद्ध अर्ज दिलेला. सोबतच्या नोटिशीवर निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि ठशाची वरची कड तुटकी. मी त्या खोलीत बराच वेळ तो ठसा बघत बसलो, क्लार्क म्हणाला झालं का.

अर्ज कुणी लिहून दिला, खर्चाला पैसे कुठले, ते कागदात नाही. आत्याला एवढंच आठवतं की आई एकदा कुणाला न सांगता पायी तालुक्याला, दहिवडीला गेली होती आणि येताना पोरांना चुरमुरे आणले होते.

तर तुम्ही आधी फेरफार काढा, मग शाळेचं जनरल रजिस्टर, आणि मृत्यूच्या नोंदीसाठी जुनं कोतवाल बुक. कागद हातात आल्यावरच म्हाताऱ्या माणसांपुढं बसा. 'आजीचं काय झालं होतं' असं विचारलंत तर कोणी तोंड उघडणार नाही, नुसता कागद मोठ्यानं वाचा, चुका ते आपोआप काढतात. आणि आत्या, मावशी यांच्याकडं आधी जा. पुरुषांना जमिनीचं तेवढं आठवतं.

मी आत्यापुढं १९६८ ची नोंद वाचली तेव्हा ती शेंगा फोडत होती. म्हणाली, माझं नाव हाय व्हय त्यात? (नव्वदच्या सुमाराला तिनं भावांना हक्कसोडपत्र करून दिलंय, त्यामुळं आताच्या उताऱ्यावर नाही.) म्हटलं आहे, शेवटी, वय ७. शेंगा तशाच हातात धरून बसली. मग म्हणाली, 'सातचीच होते व्हय मी तवा?'