क्लायंटने परस्पर दिलेले उत्तर

प्रश्न : आयआरसीवर (इंटरनेटवरून मजकुरातून गप्पा मारण्याच्या सोयीवर) एका अनोळखी सदस्याने ‘व्हर्जन’ विचारल्याची नोंद पडद्यावर उमटली आणि मी काही टंकण्याआधीच माझ्या क्लायंटने (आयआरसीसाठी मी वापरतो त्या सॉफ्टवेअरने) उत्तर धाडलेसुद्धा. यात धोका आहे का?

उत्तर : ही सीटीसीपी आज्ञा, म्हणजे एका क्लायंटने दुसऱ्या क्लायंटला केलेली विचारणा होय. ती नेहमीच्याच संदेशातून जाते. फक्त मजकुराच्या मागेपुढे आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संचातले १ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह असते; सर्व्हर तो संदेश निमूटपणे पुढे पाठवतो आणि त्याचा अर्थ समोरचा क्लायंट लावतो. उत्तर मात्र ‘नोटिस’ या निराळ्या प्रकारच्या संदेशातून परतते, कारण नोटिशीला आपोआप उत्तर द्यायचे नाही असा नियम आहे. तो नसता तर दोन क्लायंट एकमेकांना उत्तरे देतच बसले असते.

आपण ‘/सीटीसीपी’, टोपणनाव आणि ‘पिंग’ असे टंकल्यास आपल्या क्लायंटने पाठवलेला वेळेचा आकडा जसाच्या तसा परत येतो व जाण्यायेण्यास किती वेळ लागला ते कळते. ‘व्हर्जन’मुळे बहुधा सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्तीच उघड होते, त्यामुळे क्लायंट अद्ययावत असेल तर घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. ‘डीसीसी’ या फाइल पाठवण्यासाठीही वापरल्या जाणाऱ्या सीटीसीपी आज्ञेची गोष्ट निराळी : त्यात दोन संगणक सहसा थेट जोडले जातात आणि आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक) समोरच्याला मिळतो, म्हणून अनोळखी व्यक्तीची फाइल स्वीकारू नये.