शब्द नसलेल्या फँटसी ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्र गोष्ट कशी सांगतं?

आधी चित्रात काय दाखवलंय आणि काय मुद्दाम लपवलंय ते बघा. उदाहरण म्हणून शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं 'द अरायव्हल' (2006) घ्या. कुटुंब मागे ठेवून परक्या देशात जाणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, आणि सगळी चित्रांतून.

पहिल्याच पानावर 9 सारख्या चौकटी आहेत. कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, चहाची किटली, लहान मुलाच्या हातचं चित्र, उघडी बॅग, कुटुंबाचा फोटो. माणूस प्रत्यक्ष दिसलेलाही नाही, तरी घरातून कोणीतरी निघालंय हे लगेच कळतं. पुढे गावावर काटेरी अजस्र शेपट्या पसरलेल्या दिसतात, पण प्राणी पूर्ण कधीच दिसत नाही. म्हणून ती भीती युद्धाची, दडपशाहीची, कशाचीही असू शकते. फँटसीचं खरं बळ मला इथे दिसतं.

बोटीच्या प्रवासात दोन पानांवर ढगांच्या 60 लहान चौकटी येतात. तारीख न लिहिता किती दिवस गेले ते जाणवतं! जुन्या फोटोंसारखा तपकिरी रंग असल्यामुळे विचित्र प्राणीसुद्धा खरे वाटतात. नव्या शहरातल्या पाट्यांची लिपी पूर्ण काल्पनिक आहे, त्यामुळे त्या माणसाइतकेच आपणही तिथे निरक्षर ठरतो.

सराव करायचा तर एक चौकट हाताने झाका आणि गोष्टीतून नेमकं काय गळालं ते लिहून काढा.